तुटक्या शेपटीचा मीम

तहसीन कशाकशाला घाबरायचा ते सांगत बसण्यापेक्षा कशाला घाबरायचा नाही ते सांगितलेलं सोपं. पालीला घाबरत नसे, आणि सासूला घाबरत नसे. पैकी सासू वारली होती. बाकी सगळ्याला घाबरे. फोन वाजला की घाबरे, आणि बराच वेळ वाजला नाही की का वाजत नाही म्हणून घाबरे. दारावर हळू थाप पडली तर चोरून कोण आलं, आणि जोरात पडली तर उघडपणे कोण आलं, या दोन्हीची त्याला सारखीच धास्ती. अर्थात त्या काळात बगदादमध्ये हे काही तहसीनचं खास वैशिष्ट्य नव्हतं. शहाणी माणसं सगळी घाबरूनच होती. तहसीन फक्त ते मन लावून करायचा, जसं तो सगळंच मन लावून करायचा.

आणि नेमका अशा माणसाच्या घरात टाइपरायटर होता.

घरी टाइपरायटर ठेवायचा तर परवाना लागे, आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी ते धूड उचलून ‘त्या कचेरीत’ न्यावं लागे. कचेरीला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. ‘त्या’ म्हणताना मान जराशी हलवली की समोरच्याला कळे. तिथे अधिकाऱ्यासमोर बसून ठरलेला उतारा टाइप करायचा. मग अधिकारी भिंग घेऊन तो गेल्या वर्षीच्या नमुन्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघणार. म्हणजे उद्या शहरात कुठे नको तो मजकूर टाइप केलेला सापडला, तर तो कुणाच्या घरातून निघाला हे अक्षरांच्या खोडीवरून कळावं. तहसीनच्या यंत्राच्या दोन खोडी तिथे नोंदलेल्या होत्या. मीम या अक्षराची शेपटी तुटकी होती, आणि रे हे अक्षर ओळ सोडून वर उडायचं. अधिकारी दर वर्षी पुटपुटे, “शेपटी तुटकी. आहे. रे उडतोय. उडतोय,” आणि शिक्का मारी. तेवढ्या वेळात तहसीनचा सदरा घामाने पाठीला चिकटे. खोडी जुळल्या नाहीत तर काय, असं कुणी विचारत नसे. तहसीनच्याच करादा भागात राहणाऱ्या एका नकाशे काढणाऱ्याच्या जुळल्या नव्हत्या. त्याची बायको त्याचे सदरे अजून दर आठवड्याला इस्त्री करून ठेवायची.

मग हे धूड घरात ठेवायचंच कशाला, असं कुणीही विचारेल. तहसीनची बायको बदीआ तर रोजच विचारायची. पण तहसीन विद्यापीठाच्या लायब्ररीत कारकून होता, दुपारनंतर घरी विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायचा, आणि अक्षरांकडे न बघता टाइप करायचा. आख्ख्या बगदादमध्ये असं टाइप करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, असं त्याचं मत होतं, आणि त्यातलं पहिलं बोट कुणासाठी राखून ठेवलंय हे सांगायची गरज नव्हती. भित्र्या माणसालाही कशाचा तरी अभिमान लागतोच.

प्रकरणाला सुरुवात झाली ती पाटबंधारे खात्यामुळे. तिथे टाइपिस्टची जागा निघाली होती, आणि तहसीनची एकुलती एक मुलगी सुलाफा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती. तहसीनला ती नोकरी फार पसंत पडली. बसने जवळ, डोक्यावर पंखा, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कालव्यांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल काही टाइप करायचं नाही. कालव्यांबद्दल टाइप करून कुणाला उचलून नेल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. आपली पोर जन्मभर कालव्याच्या काठाने सुखरूप चालत राहील, एवढंच त्याला देवाकडून हवं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. “क्लास वगैरे काही नको,” तहसीनने जाहीर केलं, “मी शिकवतो.”

सुलाफा बापावर मुळीच गेली नव्हती. ती मोठ्याने हसायची, खिडकी उघडी ठेवून गायची, आणि बोलण्याआधी विचार करायची तिला सवय नव्हती. तहसीनने तिला खुर्चीत बसवलं, तिच्या हातांवर टॉवेल टाकला आणि डोक्यावर आगपेटी ठेवली.

“बाबा, टॉवेल कशाला? मी काय कोंबडी चोरतेय?”

“अक्षरं दिसली की बोटं आळशी होतात.”

“आणि आगपेटी?”

“मान हलली की ती पडते. आमची टायपिंगची बाई, सित्त मार्गो, अशीच शिकवायची. तिच्या क्लासात आम्ही सगळे डोक्यावर आगपेट्या घेऊन बसायचो आणि कुणाची हूं की चूं नसायची. म्हण: शीन, सीन, ये, बे.”

सित्त मार्गोच्या क्लासात कुणाची हूं की चूं नसायची, कारण ती हातात पट्टी घेऊन पाठीमागून फिरायची. तहसीन तिलाही घाबरायचा. टाइप करताना त्याचा मणका अजून ताठ व्हायचा तो त्यामुळेच. सुलाफाच्या मागे मात्र पट्टी नव्हती. ती शीन, सीन, ये, बे असं चालीवर म्हणत धडाधड बोटं आपटायची आणि दर ओळीच्या शेवटी घंटी वाजली की टाळी वाजवायची. पण पोरीला हात होता. थोड्याच दिवसांत ती टॉवेलाखाली अशी काही सपासप टाइप करू लागली, की तहसीन दाराआडून ऐकायचा आणि मनातल्या मनात तिला दुसरं बोट देऊन टाकायचा.

तर एक दिवस ती अशीच भरधाव निघालेली असताना बदीआने चहाचा पेला आणून यंत्राच्या उजव्या हाताला ठेवला. अरबी यंत्राची कॅरेज टाइप करता करता उजवीकडे सरकत जाते. ओळ संपत आली, घंटी वाजली, सुलाफाने टाळी वाजवली, आगपेटी पडली आणि कॅरेजने चहाला असा धक्का दिला की पेला अख्खा यंत्राच्या पोटात उलटला.

“काय केलंस हे!” तहसीन ओरडला.

“मी? चहा कुणी ठेवला तिथे?”

“ठेवला मी,” बदीआ स्वयंपाकघरातून म्हणाली, “पण धक्का यंत्राने दिला. त्याला विचारा.”

बदीआच्या चहात साखर असायची म्हणजे चमचा उभा राहील इतकी. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अक्षर दाबावं तर तीन वर यायची आणि हात वर करून तशीच उभी राहायची. मुंग्यांची रांग तर रुळापर्यंत पोचली होती. कचेरीची तारीख आठवड्यावर आलेली. तहसीनने यंत्र चादरीत बांधलं, आपण सभ्य माणूस आहोत हे दिसावं म्हणून गळ्याला टाय बांधला, आणि रशीद रस्त्यामागच्या बोळात उस्ता, म्हणजे कारागीर, कृकोरकडे गेला.

टाइपरायटर दुरुस्त करणारा कृकोर हा आर्मेनियन माणूस कारागिरीत एक नंबर होता, आणि हे तो स्वतःच सांगायचा. “साखर? आणखी काही पडलं असतं तरी धुऊन दिलं असतं. परवा या,” तो म्हणाला. तहसीन परवा गेला. यंत्र आरशासारखं लखलखत होतं. कृकोरने कागद लावला, एक ओळ टाइप केली आणि सासरी पाठवायच्या मुलीचा पदर सावरावा तसा तो कागद हलकेच ओढून तहसीनपुढे धरला.

तहसीनने वाचलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मीमला शेपटी होती. पूर्ण, डौलदार, खाली वळलेली. आणि रे ओळीत गुमान बसला होता.

“उस्ता,” तो कसाबसा म्हणाला, “शेपटी...”

“नवी घातली! भेट माझ्याकडून. आणि तो रे, काय उड्या मारायचा! दांडी सरळ केली. आता बघा कसा सरळ बसलाय.”

“मी फक्त साखर धुवायला सांगितली होती!”

“उस्ताद, तुम्ही दाढी करायला गेलात आणि न्हाव्याने कानावरचे केस पण काढले, तर तुम्ही रडता का?”

तहसीनला खरोखर रडू येत होतं. हा मीम घेऊन कचेरीत गेलं तर ते विचारणार, ओळख का पुसलीस? लपवायचं होतं काय? आणि न जावं तर ते विचारायला घरी येणार. पण हे मोठ्याने बोलायचं कसं? भर बोळात? शेजारच्या दुकानात हातगाडीवाला अंबा, म्हणजे कैरीची आंबट चटणी, घातलेल्या पावाचे घास घेत सगळं ऐकत उभा होता. तहसीन “सुरेख, फारच सुरेख,” असं म्हणाला आणि यंत्र कडेवर घेऊन घरी आला.

घरी येऊन त्याने पलंगावर अंग टाकलं. बदीआने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. मग तिने तो लगेच काढला, कारण ती कामाची बाई होती. “म्हणजे तोडायचंच आहे ना? त्यात काय. कानस घ्या आणि घासा शेपटी.”

कानशीचा आवाज होणार, म्हणून दुपार निवडली, जेवून सगळी गल्ली झोपलेली असते ती वेळ. तरीही आवाज होणारच, म्हणून रेडिओ लावला. रेडिओवर त्या वर्षी दुसरं काही नसायचंच. सीमेवर लढाई, आणि रेडिओवर लढाईची गाणी. मोठा ढोल, शंभर माणसांचा कोरस. तहसीन चष्मा लावून, जीव मुठीत धरून मीमला कानस लावत होता, तोच फाटक वाजलं. पायजम्यात शेजारचा अबू निब्रास उभा होता.

अबू निब्रास कुठे नोकरी करतो हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. तो सकाळी उशिरा जायचा, दुपारी लवकर यायचा, आणि त्याच्याकडे मोटार होती. त्यामुळे सगळे त्याच्याशी फार गोड बोलायचे. तो सगळ्यांना सगळ्याबद्दल सल्ले द्यायचा, आणि सगळे ते ऐकायचे.

“अबू सुलाफा,” तो जांभई देत सुलाफाच्या बापाला म्हणाला, “देशाबद्दल प्रेम असावं, पण झोपेच्या वेळेला...” आणि एकदम थांबला. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं असावं. “म्हणजे बंद करा असं मी म्हटलेलं नाही.”

“नाही, नाही, तुम्ही कुठे म्हटलंत,” तहसीन हाताने कानस पाठीमागे लपवत म्हणाला.

“उलट छान आहे गाणं.”

“फारच छान.”

आता तहसीनला रेडिओ बारीक करता येईना आणि अबू निब्रासला निघता येईना. दोघंही फाटकापाशी माना डोलवत उभे राहिले आणि त्यांनी ते गाणं शेवटच्या ढोलापर्यंत ऐकलं. लगेच दुसरं सुरू झालं. तेही ऐकलं. तिसऱ्याच्या आधी बातम्या लागल्या तेव्हा अबू निब्रासने सुटकेचा श्वास टाकला आणि जाता जाता, जणू सहजच, विचारलं, “दोन दिवस झाले, तुमच्याकडून टकटक ऐकू येत नाही ती?”

दाराआडून बदीआ म्हणाली, “पोरीच्या बोटाला नखुर्डं झालंय, अबू निब्रास. म्हणून बंद आहे.”

उत्तर बिनतोड होतं, पण त्या गल्लीत आजारपण सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. संध्याकाळच्या आत चार बायका येऊन गेल्या. एकीने कांदा भाजून बांधायला सांगितला, दुसरीने लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालायला. अबू निब्रासच्या बायकोने स्वतः खजूर कुटून, तेलात परतून आणला, आणि सुलाफाच्या धडधाकट बोटाला आपल्या हाताने बांधला. “तीन दिवस सोडायचं नाही हं. मी येऊन बघेन,” ती म्हणाली. आता बोट खजुरात बांधलेलं, म्हणजे परीक्षेचा सराव बंद. सुलाफा माशा हाकत घरभर फिरायची आणि म्हणायची, “बाबा, तुम्ही घाबरता, आणि पट्टी मला?”

तोवर तहसीनचं घासकाम पूर्ण झालं होतं. त्याने कागद लावून मीम दाबला. शेपटी गेली होती. तिच्याबरोबर मीमचं डोकंही गेलं होतं. कागदावर उमटलं ते मीम नव्हतं, चिरडलेला डास होता.

“आता कसं करायचं?” बदीआने विचारलं. ती एवढं विचारून थांबली, आणि तहसीनला पहिल्यांदा कळलं की तीही घाबरली आहे. त्या रात्री तिने त्याच्या निळ्या सदऱ्याला इस्त्री केली. तो इस्त्रीकडे बघत राहिला, आणि मग बाहेर बागेत जाऊन उभा राहिला.

सकाळी तो पुन्हा कृकोरकडे गेला. कृकोरने तो डास बघितला आणि छातीवर हात ठेवला. “माझ्या मीमची ही अवस्था कुणी केली? नाव सांगा त्याचं!”

“मला माझा जुना मीम परत पाहिजे. तुटका. आणि रे परत उडायला हवा.”

“उस्ताद, तुमचं डोकं ठिकाणावर आहे? मी आयुष्यात यंत्र बिघडवलेलं नाही.”

तहसीनने फक्त मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथे तो फोटो होता, जो त्या शहरात प्रत्येक दुकानात होता. कृकोरने त्याची नजर जाते तिकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग तहसीनच्या टायकडे. त्याचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. उठून त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

“हे घरचं यंत्र आहे?” तो कुजबुजला. “टाय लावून आलात म्हणून मी ऑफिसचं समजलो! मग हे केलं कुणी? मी. माझं नाव पण घेतील.”

“मी सांगणार नाही.”

“तिथे सगळेच सांगतात, उस्ताद,” कृकोर म्हणाला, आणि त्याने फळीखालून पत्र्याचा डबा ओढला.

काढून टाकलेली अक्षरं त्या डब्यात होती, आणि अरबी मजकुरात मीम इतक्यांदा लागतो की जगात सगळ्यात आधी मीमच तुटतो. डब्यात तुटक्या मीमांची खोगीरभरती होती. ते दोघं वयस्क गृहस्थ, एक टाय लावलेला आणि एक तेलकट एप्रनमधला, शटराआड फरशीवर बसकण मारून धान्य निवडावं तसे मीम निवडत बसले. तहसीनने घरून एक जुना प्रबंध आणला होता, कांद्याच्या रोगांवरचा. प्रत्येक मीम शाईत बुडवून कागदावर दाबायचा आणि कांद्याच्या मीमशी ताडायचा. अखेरीस दोन उरले. एक आपला, एक कुणा परक्याचा, आणि दोन्ही जुळ्या भावांसारखे.

“हा,” कृकोर म्हणाला.

“नक्की?”

“नक्की असतं तर घाम आला असता का मला?”

तो मीम बसवला. रेची दांडी कृकोरने डोळे मिटून वाकवली, कारण उघड्या डोळ्यांनी त्याच्याने ते पाहवेना.

कचेरीचा दिवस उजाडला. तहसीनने निळा सदरा घातला. शटराआड फरशीवर बसून कंबर धरली होती, त्यामुळे या वर्षी यंत्र एकट्याला उचलेना, आणि दुसरं कुणी बरोबर यायला राजी होणं शक्यच नव्हतं, म्हणून सुलाफा निघाली. तिला न्यायचं नाही असं तहसीनने ठरवलं होतं. तो त्या इमारतीत जायचा तो दर वर्षी याच हिशेबाने, की आपण एकटे आत जाऊन येतो म्हणून घरच्यांना त्या जागेचा वास लागत नाही. पण चादरीचं दुसरं टोक धरायला माणूस हवाच होता. टॅक्सीवाल्याने विचारलं, “काय आहे बोचक्यात?” तहसीन म्हणाला, “शिवणयंत्र.” मग त्याने कुठे जायचं ते सांगितलं, तेव्हा टॅक्सीवाल्याने आरशात एकदा बघितलं. कचेरीच्या बऱ्याच अलीकडे त्याने गाडी थांबवली. “इथून पुढे रस्ता खराब आहे,” तो म्हणाला. रस्ता नवाकोरा डांबरी होता.

आत अधिकारी बदललेला. जुना पुटपुट्या गेला होता आणि त्याच्या जागी एक तरुण मुलाझिम, म्हणजे लेफ्टनंट, बसला होता, नुकतीच दाढी केलेला, अत्यंत नम्र. त्याच्या नम्रपणाची तहसीनला जास्तच धास्ती वाटली. “बसा, उस्ताद. चहा मागवू?” तो म्हणाला. टेबलावर यंत्राशेजारी चहाचा पेला आला, आणि तहसीन त्याच्याकडे साप बघावा तसा बघत राहिला.

“करा सुरुवात. काही घाई नाही.”

तहसीनने बोटं ठेवली. आयुष्यभर ज्यांना बघावं लागलं नव्हतं ती अक्षरं त्याची बोटं शोधू लागली आणि त्यांना सापडेनात. पहिल्याच शब्दात तीन चुका झाल्या. त्याने कागद काढला, दुसरा लावला. त्यात पहिला शब्द बरा आला आणि दुसऱ्याचं कडबोळं झालं. तिसरा कागद. डोक्यावर आगपेटी असती तर ती केव्हाच भिंतीपर्यंत उडाली असती. बगदादमधलं पहिलं बोट शीन कुठे आहे ते खाली वाकून बघत होतं, आणि शेजारी उभी राहून त्याची मुलगी हे बघत होती. भीतीपेक्षा ती लाज त्याला जास्त झोंबली.

मुलाझिमचा आवाज तितकाच नम्र राहिला. “उस्ताद, परवान्यावर व्यवसाय टायपिंग लिहिलंय. हे यंत्र तुमचंच आहे ना?”

खोलीतल्या दुसऱ्या माणसाने, जो इतका वेळ पेपर वाचत होता, पेपर खाली ठेवला.

“बाबांना काल रात्री ताप होता,” सुलाफा म्हणाली. “उतारा मी करते. यंत्र तेच आहे.”

“सुलाफा, नको,” तहसीन म्हणाला.

“उठा ना, बाबा.”

तिने बोटाची पट्टी सोडली. “हे काय?” मुलाझिमने विचारलं. “खजूर,” ती म्हणाली, रुमालाला बोट पुसलं आणि बसली. अक्षरांकडे न बघता, समोर भिंतीकडे बघत तिने तो उतारा टाइप करायला घेतला. पाठ ताठ, मान स्थिर. घंटी, कॅरेज, घंटी, कॅरेज. पेपरवाला ऐकत राहिला. बाहेरच्या खोलीतून एक शिपाई डोकावून गेला. एवढ्या भीतीतही तहसीनच्या छातीत काहीतरी फुलून आलं, ते त्याला थांबवता आलं नाही. मग तिने कागद काढून मुलाझिमपुढे ठेवला.

भिंग बाहेर निघालं. जुना नमुना उघडला. मुलाझिम एका मीमवर थांबला, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. तहसीन मनातल्या मनात त्या दोन जुळ्या मीमांपैकी राहून गेलेल्याची क्षमा मागू लागला.

“शेपटी,” मुलाझिम म्हणाला, आणि भिंग जरा तिरपं केलं. “तुटकी. आहे.” पानावर खूण झाली. “रे... हं. उडतोय.” मग त्याने भुवई उचलली. “शाई फार काळी दिसते.”

“नवी रिबन,” सुलाफा म्हणाली.

“नवी रिबन,” त्याने लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

यंत्र चादरीत बांधताना तहसीनला हुंदका येतोय की हसू, तेही कळत नव्हतं. संपलं. वर्षभरासाठी संपलं. त्याने चादरीचं एक टोक धरलं.

“एक मिनिट,” मुलाझिम म्हणाला. तो सुलाफाचा कागद अजून बघत होता, पण आता भिंगाशिवाय. “एकही चूक नाही. कुठे शिकलीस, बहीण?”

“बाबांनी शिकवलं.”

“शाबास, उस्ताद. काम करतेस कुठे?”

“पाटबंधारे खात्यात परीक्षा आहे तिची,” तहसीन घाईघाईने म्हणाला. “ठरल्यासारखंच आहे ते. कालवे...”

“कालवे कुणीही टाइप करेल,” मुलाझिम हसून म्हणाला. “आमच्याकडची बाई लग्न होऊन मोसुलला गेली. शनिवारपासून ये, बहीण. पाटबंधाऱ्यात मी फोन करतो, तुम्ही त्रास घेऊ नका.” त्याने मनापासून तहसीनचा हात हातात घेतला. “अभिनंदन, उस्ताद. मुलगी चांगल्या ठिकाणी लागली.”

त्या इमारतीत ‘नको’ हा शब्द कसा म्हणतात हे तहसीनला ठाऊक नव्हतं. तो “आभारी आहे,” म्हणाला. दोनदा म्हणाला.

गल्लीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बदीआने मिठाई वाटली. न वाटणं वाईट दिसलं असतं. सगळ्यांनी ती घेतली. न घेणं त्याहून वाईट दिसलं असतं. अबू निब्रासने दोन्ही हातांनी घेतली आणि पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही. पुढे तो रस्त्यात दिसला की आधी सलाम करायचा, मोटार थांबवून “सोडू का कुठे, अबू सुलाफा?” विचारायचा. तहसीनच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्याला घाबरतो. मग याची नोकरी काय होती, याचंही उत्तर त्याला मिळालं: काही विशेष नसणार. इतकी वर्षं आपण एका मोटार असलेल्या साध्या माणसाला भीत आलो. बदीआला पावाच्या रांगेत पुढे जागा मिळू लागली. पहिले काही दिवस तिला मौज वाटली. मग ती आली की रांगेतल्या बायका गप्प होतात हे तिला दिसलं, आणि ती पाव घरीच भाजू लागली.

सुलाफा शनिवारी गेली, रविवारी गेली, रोज जाऊ लागली. ती कचेरीबद्दल काही सांगत नसे. तिथे काय टाइप करते हे कुणी विचारलंही नाही. खिडकी ती आता बंद ठेवायची. गाणं म्हणायची सवय कधी सुटली ते नेमकं सांगता येणार नाही.

एका दुपारी तिघं जेवायला बसली होती. भात होता, भेंडीचा रस्सा होता. सुलाफाने पाण्याचा घोट घेतला आणि ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “बाबा, आज लायब्ररीत कोण कोण आलं होतं?”

साधा प्रश्न होता. लहान होती तेव्हापासून ती हे विचारायची आणि तो सांगायचा, कुणी कुठलं पुस्तक मागितलं, कोण कोपऱ्यात बसून काय कुजबुजलं, कुठल्या प्राध्यापकाने कशावर नाक मुरडलं. तहसीनने घास खाली ठेवला. सकाळची माणसं एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढून गेली, आणि त्याने त्यांना एकेक करून दाराबाहेर घालवलं.

“कुणी नाही,” तो म्हणाला.

सुलाफा त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. “बाबा, मी सहज विचारलं.”

“मीही सहजच सांगितलं, बाळ.”

बदीआने उठून रेडिओ लावला. सुलाफाने मान खाली घातली आणि ती भात कालवू लागली. त्यानंतर तिने त्याला लायब्ररीबद्दल कधी काही विचारलं नाही.